फिलिपिनो सिनेमा: 'इन्सियांग' आणि 'हेलो लव्ह गुडबाय' एकाच इंडस्ट्रीतून कसे काय आले?

चष्मिश

नमस्कार मंडळी. मध्यंतरी लिनो ब्रोकाचा 'इन्सियांग' (१९७६) बघितला, रिस्टोअर केलेली प्रिंट. मनिलातली तोंडोची झोपडपट्टी, आई, आईचा तरुण यार, आणि त्या दोघांच्यात भरडली जाणारी पोरगी. सुरुवातच कत्तलखान्यातल्या डुकरांपासून. डोक्यातून जाता जाईना. मग म्हटलं या देशातलं अजून काहीतरी बघू, तर नेटफ्लिक्सने 'हेलो लव्ह गुडबाय' पुढे केला. हाँगकाँगमध्ये घरकाम करणारी मुलगी, बारमध्ये काम करणारा हिरो, तिला कॅनडाला जायचंय, याला ती इथेच राहायला हवीय. वाईट अजिबात नाही, शेवटी डोळे पुसले पण मी, खोटं कशाला बोलू. पण हे दोन्ही सिनेमे एकाच इंडस्ट्रीतून आलेत हे काही केल्या पटत नाही.

तर जाणकारांनी जरा सांगा, तिथे आर्ट फिल्मवाले आणि धंदेवाले असे दोन वेगळे कंपू आहेत का? कान-व्हेनिसच्या फेस्टिव्हलमध्ये बक्षिसं मिळवणाऱ्यांना पैसा कोण देतं? आणि हे सिनेमे तिथले लोक थेटरात बघतात की फक्त आपल्यासारखे लांबून कौतुक करणारेच बघतात? शिवाय पुढे काय बघू तेही सांगा, फक्त एकदम दहा तासांचं काही देऊ नका, तिथल्या लांबलचक सिनेमेवाल्या लाव दियाझचं नाव ऐकून आहे मी.

रीळबहाद्दर

वा, मस्त धागा. चष्मिश, तुमचा प्रश्न बरोबर आहे पण त्यातलं गृहीतक मला मान्य नाही. दोन कंपू नाहीयेत. म्हणजे आज बाहेरून तसं दिसतं खरं, पण माणसं, पैसा, नट-नट्या बघायला गेलात तर सगळा एकमेकांत गुंतलेला मामला आहे.

'इन्सियांग'चंच घ्या. तो पहिल्यांदा कुठे लागला होता? मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हलमध्ये, १९७६ च्या डिसेंबरात. आता हा फेस्टिव्हल म्हणजे आपल्या डोक्यात येतं तसं झोळीवाल्यांचं संमेलन नव्हे. १९७५ ला सुरू झाला, आणि नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थेटरात फक्त देशी सिनेमे, हॉलिवूडला चक्क दार बंद. पोरांच्या हातात नाताळाचे पैसे असतात, सगळं खानदान मॉलमध्ये, आणि वर्षभराचा गल्ला त्या दोन आठवड्यांत. तर अशा ऐन सणाच्या बारीवर ब्रोकाने कत्तलखाना दाखवला, आणि हिल्डा कोरोनेलला बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं ते याच फेस्टिव्हलात. कानला तो गेला १९७८ ला, डायरेक्टर्स फोर्टनाइट या तिथल्या समांतर विभागात, कानला पोचलेला पहिला फिलिपिनो सिनेमा. १९८१ ला त्याच नाताळात माइक दे लेऑनचा 'किसापमाता' लागला, १९८२ ला इश्माएल बर्नालचा 'हिमाला'. दोन्हींना त्या-त्या वर्षी बेस्ट पिक्चर. हे आज कुणाला सांगितलं तर हसतील, कारण मधल्या काळात तोच फेस्टिव्हल फँटसी-कॉमेडी आणि त्यांच्या पाचव्या-सहाव्या भागांचा झाला.

आता पैसा. ब्रोका सरळ धंद्याचा माणूस होता, शिवी म्हणून नाही म्हणत. मेलोड्रामा, कोमिक्सवरचे सिनेमे, जे समोर येईल ते करायचा, दोन-तीन प्रोड्यूसरसाठी आणि मग एक स्वतःसाठी. १९७४ ला स्वतःची सिनेमनिला कंपनी काढली, पहिला सिनेमा जोरात चालला, पुढे कंपनी बुडाली. मग परत प्रोड्यूसरच्या दारात. 'मायनिला सा मंगा कुको नंग लिवानाग' (१९७५) ज्याला सगळे ग्रेटेस्ट वगैरे म्हणतात त्याचा प्रोड्यूसर आणि कॅमेरामन कोण, तर वर म्हटलं तोच माइक दे लेऑन. आणि हा माइक कुणाचा नातू, तर डोन्या सिसांगचा, म्हणजे एलव्हीएन पिक्चर्सच्या मालकिणीचा. एलव्हीएन १९३८ चा स्टुडिओ, सांपागिता १९३७ चा, पन्नाशीच्या दशकात या दोघांनी आणि प्रीमियरने नुसता धुमाकूळ घातला होता, नट पगारी, सेट स्वतःचे, लॅब स्वतःची. एलव्हीएनने १९६१ ला सिनेमे काढणं थांबवलं पण लॅब नंतरही कित्येक वर्षं चालू होती. म्हणजे व्यवस्थेवर सगळ्यात कडवट सिनेमे काढणारा माणूस हा तिथल्या एका जुन्या गल्लेबाज घराण्यातला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेला बिचारा.

आणि 'हिमाला'ची गंमत तर अजून वरची. पैसा कुणाचा? एक्स्पेरिमेंटल सिनेमा ऑफ द फिलिपिन्सचा, म्हणजे सरकारी संस्था, प्रमुख इमी मार्कोस, तेव्हाचा हुकूमशहा फर्दिनांद मार्कोसची मुलगी! बाप मार्शल लॉ लावून सेन्सॉरची कात्री चालवतोय, आई इमेल्डा म्हणतेय की सिनेमात देशाचं सुंदर तेच दिसू दे, बर्नालच्याच 'मनिला बाय नाइट'मधून मनिला हा शब्द सुद्धा काढायला लावला, नाव बदलून 'सिटी आफ्टर डार्क' करावं लागलं, बर्लिनला जाऊ दिलं नाही... आणि दोन वर्षांनी त्याच घरातल्या पोरीच्या संस्थेतून त्याच बर्नालला 'हिमाला'साठी पैसे. आंधळ्या श्रद्धेवरचा सिनेमा. हिरॉइन नोरा औनोर, तेव्हाची सुपरस्टार, आणि सुपरस्टार म्हणजे खरोखरची, पिटातली पब्लिक तिच्यासाठी जीव टाकायची. नोरा नसती तर तो सिनेमा नाताळात कुणी लावला नसता.

बाकी सवडीने लिहितो.

शेवटचीरांग

नोराचं नाव काढलंत आणि विल्माचं नाही? मनिलात असता तर एव्हाना दगड पडला असता. 😄

नोरानियन आणि विल्मानियन, म्हणजे या दोन नट्यांच्या फॅन लोकांची भांडणं पन्नास वर्षं चाललीत तिथे. विल्मा सांतोस पुढे बातांगासची गव्हर्नर झाली, नोराला २०२२ ला नॅशनल आर्टिस्ट किताब मिळाला, २०२५ च्या एप्रिलमध्ये ती गेली तेव्हा सरकारी इतमामात निरोप दिला. पण फॅन लोकांचा हिशोब मिटलेला नाही.

तिकीटबारी

रीळबहाद्दर यांनी इतिहास छान सांगितला, मी जरा रुक्ष भाग सांगते, कारण चष्मिशनी पैशाचं विचारलंय आणि कौतुकाच्या नादात ते नेहमी मागे पडतं.

तिथे थेटर म्हणजे मॉल. एसएम, रॉबिन्सन्स, आयाला, हे मॉलवालेच थेटरवाले. सिनेमा बुधवारी लागतो, आणि पहिल्या दिवशी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की गुरुवारी-शुक्रवारी स्क्रीन काढून घेतात. आधी लोकल बॉडीचा करमणूक कर जातो, मग जे उरतं त्यात थेटरवाले साधारण निम्मं घेतात, आणि उरलेल्या निम्म्यात प्रोड्यूसरने पब्लिसिटी वगैरे सगळं भागवायचं. हा कर पूर्वी ३० टक्क्यांपर्यंत होता, २००९ च्या कायद्याने १० टक्क्यांची मर्यादा आली. शिवाय २००२ पासून फिल्म डेव्हलपमेंट कौन्सिल आहे, त्यांचं बोर्ड सिनेमाला ए किंवा बी ग्रेड देतं, ए मिळाली तर कराची सगळी रक्कम प्रोड्यूसरला परत, बी मिळाली तर ६५ टक्के. ऐकायला फार भारी वाटतं, पण परतावा मिळायला आधी तिकिटं विकली जायला हवीत ना! जो सिनेमा दोन दिवसांत उतरला त्याला शून्याचे शंभर टक्के.

'हेनेराल लुना'ची (२०१५) गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. १८९९ च्या फिलिपिन-अमेरिका युद्धातला भडक डोक्याचा जनरल, मोठा रोमँटिक हिरो नाही, डायरेक्टर जेरल्ड तारोग. पहिल्या आठवड्यात चांगली हवा असूनसुद्धा स्क्रीन कमी करायला लागले, तेव्हा प्रेक्षकांनीच सोशल मीडियावर दंगा केला, शाळा-कॉलेजवाले घोळक्याने गेले, आणि थेटरवाल्यांना स्क्रीन परत द्यावे लागले. शेवटी सुमारे २५ कोटी पेसो कमावले त्याने. पण हे अपवादातलं आहे हं, दर वर्षी असं होत नाही. मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळवताना जे होतं तेच तिथेही, फरक इतकाच की समोर हिंदीच्या जागी मार्व्हल.

आणि तिकीट. मनिलाच्या मॉलमध्ये साडेतीनशे-चारशे पेसो आरामात जातात, आणि तिथली किमान रोजंदारी २०२५ च्या जुलैपासून ६९५ पेसो. म्हणजे नवरा-बायको सिनेमाला गेले की एका माणसाची दिवसभराची कमाई त्यातच संपली, पोरं आणि खाणंपिणं वेगळंच. मग माणूस म्हणतो वर्षातून एकदा, नाताळात जाऊ. २०२३ ला 'रिवाइंड' नाताळात लागला तर गर्दी हटेना, सुमारे ९० कोटी पेसो. बाकी अकरा महिने थेटरवाले माशा मारतात.

मधलीसुट्टी

तिकीटबारीताई, एकदम पटलं. यावर अजून एक सांगते जे फेस्टिव्हलप्रेमी लोक नाक मुरडून टाळतात, ते म्हणजे लव्हटीम.

तिथे हिरो आणि हिरॉइन वेगवेगळे विकले जात नाहीत, जोडी विकली जाते. आधी टीव्हीवर सिरियल, मग जाहिराती, मग सिनेमा, आणि दोघांनी खऱ्या आयुष्यातही एकत्रच असावं अशी पब्लिकची अपेक्षा. हे टीव्हीने आणलं असं समजू नका, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कार्मेन रोसालेस आणि रोहेलियो दे ला रोसा यांची जोडी अशीच गाजत होती. (रोहेलियो पुढे सिनेटर झाला. फिलिपिन्समध्ये पडद्यावरून थेट राजकारण हा रस्ताच आहे, जोसेफ एस्त्रादा तर १९९८ ला राष्ट्राध्यक्ष झाला. असो.) जोडी फुटली की दोघांचं मार्केट धोक्यात, त्यामुळे कंपन्या जिवाच्या आकांताने जपतात.

म्हणून 'हेलो लव्ह गुडबाय' (२०१९) तिथल्या लोकांसाठी मोठा प्रकार होता. कॅथरीन बर्नार्डो म्हणजे कॅथनील जोडीतली, डॅनियल पादिल्यासोबतची, एबीएस-सीबीएन चॅनेलची लाडकी. आणि आल्डन रिचर्ड्स हा कट्टर दुश्मन चॅनेल जीएमएचा. दोन चॅनेलची भांडणं तिथे इतकी जुनी की नटाने पलीकडे जाणं म्हणजे घर सोडल्यासारखं. त्यात हे दोघं एकत्र, तेही एबीएस-सीबीएनच्याच स्टार सिनेमा कंपनीच्या बॅनरखाली. मग २०२० ला एबीएस-सीबीएनचं ब्रॉडकास्टचं लायसन्सच संसदेने नाकारलं, राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेच्या काळात, आणि पूर्ण गणित पालटलं. चॅनेलच नाही तर भांडणार कशावर? २०२४ ला सीक्वल आला 'हेलो लव्ह अगेन', तो स्टार सिनेमा आणि जीएमए पिक्चर्सने मिळून काढला, आणि १ अब्ज पेसोंच्या वर गेलेला तो पहिला फिलिपिनो सिनेमा ठरला. त्यातला मोठा वाटा बाहेरदेशातल्या फिलिपिनो लोकांचा, अमेरिका, कॅनडा, आखात, सगळीकडे लागला.

आणि चष्मिश, तुम्ही ज्याला नुसता रोमान्स म्हणताय त्यात बघा ना काय आहे. पोरगी शिकलेली, पण हाँगकाँगमध्ये दुसऱ्याच्या घरची भांडी घासतेय, व्हिसाचं टेन्शन, घरी पैसे पाठवायचे, आणि प्रेम केलं तर सगळा प्लॅन फिसकटणार. ही लाखो घरांची गोष्ट आहे तिथे. इन्सियांगला झोपडपट्टीतून बाहेर पडायचं होतं, जॉयला देशातून. डायरेक्टर कॅथी गार्सिया-सांपानाला कान नाही बोलावणार पण तिने जे पकडलंय ते खोटं नाही.

उलट मला कंटाळा येतो तो गरिबी दाखवून परदेशात बक्षीस मिळवायच्या ठरीव फॉर्म्युल्याचा. हलता कॅमेरा, गल्ली, उघडं गटार, एखादी आई पोर विकतेय. यावर तिथल्याच लोकांनी जबरी थट्टा केलीय, 'अंग बाबाए सा सेप्टिक टँक' (२०११), तीन पोरं ऑस्करवर डोळा ठेवून गरिबीवर सिनेमा काढायला निघतात, आणि युजीन डोमिंगो स्वतःचीच भूमिका करते. हसून हसून पोट दुखतं. आणि तो आला कुठून, तर सिनेमालायामधून, म्हणजे इंडी, स्वतंत्र सिनेमावाल्यांच्या स्वतःच्याच फेस्टिव्हलातून!

रीळबहाद्दर

मधलीसुट्टी, थट्टा मान्य, पण त्या फटक्यात ब्रिलांते मेंडोझाला पण झोडपणार असाल तर मी आडवा येणार. त्याचा 'मा रोसा' (२०१६) बघा, छोटं किराणा दुकान, मागून ड्रगच्या पुड्या, पोलीस उचलून नेतात आणि सोडायचे पैसे मागतात, मग पोरं रात्रभर पैसे जमवत फिरतात. त्यात गरिबीचं प्रदर्शन कमी आणि व्यवहार जास्त आहे, कोण कुणाला किती देतं हेच. शेवटी जॅकलिन होसे रस्त्यावर उभी राहून काहीतरी खाते, बस, एवढ्यावर कानला बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं तिला, फिलिपिन्समधून पहिलीच. आणि ही बाई जन्मभर सिरियलमध्ये काम करत आलेली, घराघरात माहीत असलेली. २०२४ ला गेली. परत तेच, दोन कंपू कुठे आहेत?

लाव दियाझचंही सांगतो, कारण त्याला सगळे हिमालयात बसलेला साधू समजतात. त्याचा पहिला फीचर १९९८ चा, रीगल फिल्म्सच्या गुड हार्व्हेस्ट या बच्चा कंपनीसाठी. नव्वदीच्या शेवटी धंदा झोपला होता, डॉलरचा भाव चढलेला, रीळ महाग, तेव्हा रीगलची मालकीण मदर लिली हिने तोडगा काढला, पितो-पितो, सात-सात दिवसांत शूटिंग उरकायचं, बजेट चिल्लर. अशा कारखान्यातून हा माणूस बाहेर पडला! सात दिवसांची घाई सोसलेल्याने पुढे दहा तासांचे सिनेमे काढावेत यात मला तरी सूड दिसतो. डिजिटल कॅमेरा आला म्हणून ते जमलं, रिळाच्या काळात इतक्या लांबीचा खर्च कुणी केला असता?

आणि २०१६ ला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला त्या 'अंग बाबाएंग हुमायो'त कोण आहे बघा. चारो सांतोस-कॉन्सियो, जी नुकतीच एबीएस-सीबीएनच्या सीईओपदावरून उतरली होती! म्हणजे लव्हटीमच्या कारखान्याची मालकीणच म्हणा ना जवळजवळ, ती चार तासांच्या काळ्यापांढऱ्या सिनेमात तीस वर्षं चुकून तुरुंगात खितपत पडलेली शिक्षिका झालीय. हीच चारो १९८१ च्या 'किसापमाता'त मुलगी होती. सोबत जॉन लॉइड क्रूझ, रोमँटिक सिनेमांचा राजा, ट्रान्स बाईच्या भूमिकेत.

तिकीटबारी

ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही फार गोड चित्र काढताय. स्टार लोक हौसेने दियाझकडे जातात, मान्य. पण प्रेक्षक जातो का? २०१६ ची गोष्टच घ्या ना. त्या वर्षी नाताळाच्या फेस्टिव्हलच्या निवड समितीने ठरवलं की आता दर्जा बघायचा, आणि दर वर्षीचे हुकमी कॉमेडीवाले सगळे बाहेर. यादीत इंडी सिनेमे. बेस्ट पिक्चर मिळालं एका डॉक्युमेंटरीला, 'संडे ब्यूटी क्वीन', बेबी रूथ व्हिलारामाची, हाँगकाँगच्या घरकामवाल्या बायका रविवारी सौंदर्यस्पर्धा भरवतात त्यावर. (चष्मिश, तुमच्या 'हेलो लव्ह गुडबाय'सोबत ही नक्की बघा, तेच शहर, त्याच बायका.) कौतुक झालं, पण गल्ला धाडकन उतरला, थेटरवाल्यांनी पहिल्याच दिवसांत शो काढून घेतले, आणि पुढच्या वर्षी हुकमी मंडळी गुपचूप परत आली. एवढं सोपं असतं तर केव्हाच झालं असतं.

आणि सेटवर काम करणाऱ्यांचं कुणी बोलतच नाही. स्पॉट, लाइट, कपडेपट, यांना सलग वीस-वीस तास राबवायची सवय होती तिथे. २०१९ ला एडी गार्सिया, नव्वदीचा ज्येष्ठ नट, सिरियलच्या शूटिंगमध्ये पाय अडकून पडला, मानेला मार बसला आणि गेला. तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली, आणि त्याच्या नावाचा कायदा यायला २०२४ चा मे उजाडला. दिवसाला जास्तीत जास्त १४ तास, आठवड्याला ६०. चौदा तास ही सुधारणा, म्हणजे आधी काय असेल ते समजा.

शेवटचीरांग

धागा सेव्ह केला. जुने सिनेमे मिळतात तरी का? युद्धाआधीचे तर म्हणे बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत.

रीळबहाद्दर

हो, मोजून काही राहिलेत. होसे नेपोमुसेनोचा १९१९ चा 'दालागांग बुकिद', ज्याच्यापासून फिलिपिनो सिनेमाची सुरुवात धरतात, तोच आज कुठे नाही. काही दुसऱ्या महायुद्धात मनिलाच्या लढाईत जळाले, बाकीचे दमट हवेने आणि निष्काळजीपणाने खाल्ले. पण सत्तर-ऐंशीचे बरेच वाचले. 'मायनिला' आणि 'इन्सियांग' हॉलिवूडवाल्या मार्टिन स्कोर्सेसीच्या फाउंडेशनने इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये दुरुस्त केले, २०१३ आणि २०१५ ला. आणि 'हिमाला'चं २०१२ चं काम केलं कुणी? एबीएस-सीबीएनने. 'किसापमाता'चीही चांगली प्रिंट झालीय आता.

चष्मिश

बाप रे, एवढं अपेक्षितच नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. मी आता 'हिमाला', मग 'सेप्टिक टँक', मग 'मा रोसा' असा क्रम लावतोय. 'किसापमाता' या शनिवारी घरच्यांसोबत बघावा म्हणतोय, आई-बाबा आलेत, जुने क्लासिक त्यांना आवडतात.

मधलीसुट्टी

अहो नको!! बाप मुलीला लग्नानंतरही घराबाहेर पडू देत नाही त्यावरचा सिनेमा आहे तो, १९६१ च्या खऱ्या खुनावर बेतलेला, तिथल्या लेखक निक होआकिनने लिहिलेला वृत्तांत वाचा एकदा. आई-बाबांसोबत 'हेनेराल लुना' लावा.

शेवटचीरांग

लुनामध्ये पण शेवटी कसं मारतात ते बघितलंय ना तुम्ही? आई-बाबांना जेवण झाल्यावर बसवा, आधी नको. आणि सबटायटल आधी पाच मिनिटं तपासून घ्या, नेटवरच्या काही कॉप्यांमध्ये स्पॅनिश संवादांना सबटायटलच नाहीत.